नमकीनच्या लाइनसाठी मेटल डिटेक्टर: मधल्या किमतीचा घ्यावा की भारी?

पालदा_पॅकिंग
मंडळी, इंदूरला पालद्यात नमकीनचं युनिट आहे. बारीक शेव, लौंग शेव, खट्टामीठा आणि फराळी मिक्स्चर. पॅकिंगच्या दोन लाइन. पहिलीवर १४ हेडचा वजनकाटा आणि त्याखाली उभं पाऊच मशीन, २०० आणि ४०० ग्रॅम, मिनिटाला साधारण ५५ पाकिटं. दुसरी पाच-दहा रुपयांच्या लडीची, कप फिलर (मापाच्या कपाने माल भरणारं मशीन). फिल्म दोन्हीकडे मेटलाइज्ड, म्हणजे प्लास्टिकवर धातूचा पातळ थर.

एका मोठ्या दुकान-साखळीला माल द्यायचा आहे आणि त्यांनी मेटल डिटेक्टर सक्तीचा केलाय. दोन कोटेशनं हातात आहेत. देशी बनावटीचं सव्वातीन लाखांचं, बाहेरचं मल्टि-फ्रिक्वेन्सी साडेदहा लाखांचं. दोन्ही बेल्टवरची, अपर्चर (माल ज्यातून जातो ती खिडकी) ४५० बाय ३०० मिमी, कारण पाकिटं खोक्यात भरून अख्खा खोकाच शेवटी पार करायचा विचार आहे. सापडणारा सगळ्यात लहान कण देशीवाला लोखंड १.५ मिमी, पितळ-ॲल्युमिनियम २.०, स्टेनलेस २.५ म्हणतो. भारीवाला १.०, १.२ आणि १.५. एवढ्या फरकासाठी तिप्पट पैसे मोजावेत का?

समतोल_कॉइल
खोका पार करण्याचा विचार आधी सोडा. यंत्र कोणतं हा प्रश्न त्यानंतरचा.

डिटेक्टरच्या डोक्यात, म्हणजे अपर्चरभोवतीच्या चौकटीत, तीन कॉइल असतात. मधली सिग्नल सोडते, दोन्ही बाजूंच्या दोन तो घेतात, आणि त्या उलट्या जोडलेल्या असल्यामुळे एकमेकींचा सिग्नल खोडतात. काही नसताना बेरीज शून्य. धातूचा कण आत शिरला की आधी एका कॉइलचा तोल बिघडतो, मग दुसरीचा, आणि यंत्र तेवढंच पाहतं. कण कॉइलपासून जितका लांब तितका बिघाड कमी. सगळ्यात दुबळी जागा अपर्चरच्या मधोमध. ३०० मिमी उंचीच्या अपर्चरमध्ये खोक्याच्या पोटातलं पाकीट नेमकं तिथून जातं.

म्हणून भारीवाल्याचा १.०-१.५ चा आकडा ४५० बाय ३०० ला, भरलेल्या खोक्यासह, मेटलाइज्ड फिल्मसकट मिळेल यावर माझा विश्वास नाही. तो रिकाम्या अपर्चरचा किंवा लहान डोक्याचा असणार. दोघांनाही एकच विचारा: आमचा माल आत, चाचणीची धातूची गोळी मधोमध, बेल्ट आमच्या वेगाने, तर किती? उत्तर लेखी घ्या. दोन्ही आकडे जवळ येतील.

एकेक पाकीट आडवं घालून १०० ते १२० मिमी उंचीच्या अपर्चरमधून काढलं तर सव्वातीन लाखांचं यंत्रही खोक्यावरच्या भारी यंत्राला मागे टाकेल.

चाळणी
आणि खोका रिजेक्ट झाला की २४ पाकिटं गेली, वर कोणत्या पाकिटात कण आहे ते शोधायला माणूस बसवा.

मला वेगळी भर घालायची आहे. १.५ मिमी हा गोळीचा व्यास. नमकीनमध्ये गोळी येत नाही, तार येते. कढई घासायच्या तारेच्या घासणीचा तुकडा, चाळणीच्या जाळीचा सुटलेला धागा, झाऱ्याची तार. तारेची जाडी यंत्राच्या गोळीपेक्षा कमी असली की ती कोणत्या दिशेने जाते त्यावर सगळं ठरतं. लोखंडी तार बेल्टच्या दिशेला समांतर असेल तर पटकन सापडते, आडवी किंवा उभी असेल तर निसटते. स्टेनलेस आणि तांब्याचं बरोबर उलट. म्हणजे कागदावर १.५ लिहिलेल्या यंत्रातून सेंटीमीटरभर लांब बारीक तार सहज पार होऊ शकते, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी तारेची घासणी कारखान्यातून हद्दपार करा. नायलॉनचा ब्रश, प्लास्टिकची खरवडणी. बेसनाच्या चाळणीखाली नियोडिमियमचा चुंबक बसवा आणि रोज पुसून काय निघालं ते नोंदवा. अचानक जास्त बारीक किस दिसायला लागला तर दळणाच्या चक्कीत काहीतरी घासतंय. चुंबक बहुतेक स्टेनलेस धरत नाही हे लक्षात ठेवा. शेव पाडायच्या जाळ्या शिफ्टच्या आधी आणि नंतर उजेडासमोर धरून बघायच्या.

भट्टीवाला
भिया, हे सगळं ठीक, पण गिऱ्हाईक घासणीचा ब्रश बघायला येत नाही, यंत्र बघायला येतो :)

ऑडिट_वही
भट्टीवाल्यांशी अर्धा सहमत. मी भारी यंत्राच्या बाजूने बोलतो, कारण इथे कुणी बोलणार नाही असं दिसतंय.

दुकान-साखळीचा ऑडिटर डोक्याची संवेदनशीलता एकदा विचारतो आणि बाकीचा वेळ पुढच्या गोष्टींवर घालवतो. कण सापडला की पाकीट आपोआप बाजूला जातं का? रिजेक्टचा डबा कुलूपबंद आहे का, किल्ली कुणाकडे? डबा भरला तर लाइन थांबते का? हवेचा दाब गेला तर? पाकीट खरंच डब्यात पडलं हे पडताळणारा सेन्सर आहे का? सेटिंग बदलायला पासवर्ड आहे का आणि कुणी बदललं त्याची नोंद राहते का? चाचणीची वेळ झाल्यावर यंत्र स्वतः आठवण करतं का? भारी यंत्रात हे सगळं घरचं असतं. स्वस्तात बऱ्याचदा एक भोंगा, एक लाल दिवा आणि थांबणारा बेल्ट. भोंगा वाजला की ऑपरेटर हाताने दोन पाकिटं उचलतो आणि बेल्ट परत चालू करतो. त्याने बरोबर दोनच उचलली का, कुणास ठाऊक.

शिवाय मेटलाइज्ड फिल्म. तिचा स्वतःचा सिग्नल असतो. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला तो दाबायला संवेदनशीलता उतरवावी लागते.

समतोल_कॉइल
ऑडिट_वही, तुमची यादी शंभर टक्के बरोबर, पण तिच्यातलं जवळजवळ सगळं बेल्ट आणि रिजेक्टच्या सिस्टिमचं आहे, डोक्याचं नाही. डब्याचं कुलूप, दाबाचा स्विच, डबा भरल्याचा सेन्सर, रिजेक्ट पडताळणारा फोटोसेल, हे मधल्या किमतीच्या यंत्रावर वेगळे पैसे देऊन लावून मिळतं. कोटेशन मागताना लिहावं लागतं, एवढंच. न लिहिलं तर भोंगाच येणार.

आता मल्टि-फ्रिक्वेन्सी. ती कशासाठी आहे ते समजून घ्या. ओला आणि खारट माल वीज वाहून नेतो, म्हणून मालच धातूसारखा सिग्नल देतो. पनीर, लोणचं, मॅरिनेट केलेलं काहीही. तिथे एका फ्रिक्वेन्सीने मालाचा सिग्नल आणि धातूचा सिग्नल वेगळा काढणं कठीण जातं, आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र किंमत वसूल करतं. शेवेत मीठ भरपूर, पण पाणी नावाला. पाण्याशिवाय मीठ वीज वाहत नाही. कोरडी थंड शेव डिटेक्टरला जवळजवळ दिसतच नाही. अशा मालाला एकच उंच फ्रिक्वेन्सी लावली तर स्टेनलेसही चांगलं सापडतं. ३०४ आणि ३१६ स्टेनलेस चुंबकाला धरत नाही आणि विजेलाही वाईट वाहक, म्हणून तेच सगळ्यात अवघड, आणि तुमची निम्मी मशिनरी त्याचीच आहे.

फिल्मचं म्हणाल तर मेटलाइज्ड थर फार पातळ असतो, नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका. ॲल्युमिनियम फॉइलच्या लॅमिनेटसारखी भिंत तो उभी करत नाही. फॉइलच्या पाकिटाला साधं यंत्र आंधळंच, तिथे फक्त लोखंड शोधणारं वेगळं यंत्र लागतं किंवा एक्स-रे. मेटलाइज्डला यंत्र चालतं, पण संवेदनशीलता थोडी गमावून, आणि रोल बदलला की सिग्नल बदलतो. पण फिल्म मध्ये आणायचीच कशाला? पहिल्या लाइनवर काटा आणि पाऊच मशीन यांच्या मधे गोल गळ्याचा डिटेक्टर बसवा. माल वरून पडतो, कॉइलमधून जातो, मग पाकिटात. अपर्चर १५० मिमीच्या आसपास, फिल्मचा प्रश्नच नाही.

पालदा_पॅकिंग
गळ्याच्या डिटेक्टरचं ऐकलंय, पण दोन्ही विक्रेत्यांनी बेल्टचंच सुचवलं. बसवायला काय लागतं? आणि कण सापडला तर पडणारा माल कसा थांबवायचा?

समतोल_कॉइल
उंची लागते, आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं. डोक्याच्या वर आणि खाली धातूमुक्त जागा सोडावी लागते. स्थिर धातू असेल तर अपर्चरच्या दीडपट, हलणारा असेल तर दुप्पट. १५० मिमीला वर २२५ आणि खाली २२५, आणि खाली खराब माल बाजूला वळवणारा फ्लॅप हलत असेल तर ३०० धरा. काट्याची फनेल स्टेनलेसची, पाऊच मशीनचा फॉर्मिंग ट्यूब (ज्याभोवती फिल्मचं पाकीट बनतं) स्टेनलेसचा, दोन्ही या अंतराबाहेर हवेत. मधली नळी फूड-ग्रेड प्लास्टिकची. सगळं धरून काटा अर्धा ते पाऊण मीटर वर चढवावा लागेल. शेडच्या पत्र्याखाली तेवढी जागा आहे का ते आधी टेप लावून बघा.

फ्लॅप कुठे बसवायचा हे गणित आहे. समजा काट्याच्या दारापासून कॉइलच्या मध्यापर्यंत माल ०.५ मीटर पडला. तिथून फ्लॅप ०.३ मीटर खाली असेल तर हातात साधारण ८५ मिलिसेकंद मिळतात. ०.७ मीटर खाली असेल तर १७५. हवेचा व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि फ्लॅप मिळून ८५ मध्ये बसवणं अवघड, १७५ मध्ये आरामात बसतं. तेवढी उंची नसेल तर फ्लॅप विसरा आणि डिटेक्टरचा सिग्नल पाऊच मशीनला द्या: ते पाकीट सील करून पुढे जाऊ द्यायचं आणि खाली निघणाऱ्या बेल्टवर मोजून हवेच्या झोताने उडवायचं. मोजणी चुकू नये म्हणून मागचं-पुढचं एकेक पाकीटही उडवायचं. २०० ग्रॅमच्या पाकिटाला पुशर (ढकलणारा दांडा) नको, शेवेचा चुरा होतो.

डिटेक्टर पाऊच मशीनच्या फ्रेमवर लटकवू नका. जबडे मिटताना बसणारा धक्का डोक्याला सिग्नल म्हणून दिसतो. वेगळा स्टँड, खाली रबरी पॅड.

भट्टीवाला
आणि लडीच्या लाइनचं काय? कप फिलरच्या वर वीतभर जागा नसते.

चाळणी
तिथे मालच आधी तपासावा लागतो. मसाल्याच्या ड्रमनंतर आणि हॉपरच्या आधी बेल्ट असेल तर त्यावर सुट्टा माल ४०-५० मिमी थरात पसरवून १०० मिमीच्या अपर्चरमधून न्या. कण सापडला की बेल्टच्या टोकाचा फ्लॅप किलो-दोन किलो माल खाली टाकतो. तो माल परत मिसळायचा नाही, चाळून कण शोधायचा आणि पाकिटात डकवून नोंदवहीला लावायचा.

यातली खोट सांगून ठेवते: डिटेक्टरच्या पुढे हॉपर आणि कप फिलर आहे. त्यातला नट किंवा स्प्रिंग पडला तर कुणी पकडणार नाही. गळ्याच्या डिटेक्टरलाही हे थोडं लागू, पण तिथे पुढे फक्त फॉर्मिंग ट्यूब उरतो. लडीच्या मशीनवर कंपनाने न सुटणारे नायलॉक नट, सुट्या भागांना साखळी, आणि दुरुस्तीनंतर मिस्त्रीने हत्यारं व स्क्रू मोजून सही, एवढं तरी करा. लडी शेवटी एका लहान डिटेक्टरमधून एकपदरी सरकवली तर उत्तम, पण मग पुन्हा फिल्मचा सिग्नल आला.

गरम माल अजिबात नको. भट्टीतून उतरलेली शेव आणि थंड शेव यांचा सिग्नल वेगळा येतो, आणि डोकंही भट्टीच्या झळीत तोल सोडतं. इंदूरच्या मे महिन्यात तर पत्र्याच्या शेडमध्ये वेगळ्या भट्टीची गरजही नसते.

हिशोब
फॉल्स रिजेक्टचा, म्हणजे धातू नसताना बाहेर पडणाऱ्या पाकिटांचा आकडा कुणी काढला नाही म्हणून. मिनिटाला ५५ म्हणजे तासाला ३,३००, दहा तासांत ३३,०००. त्यातली अर्धा टक्का उगाच बाहेर पडली तर रोज १६५ पाकिटं फोडून परत भरायची. याला कंटाळून ऑपरेटर दुसऱ्या आठवड्यात संवेदनशीलता उतरवतो आणि यंत्र शोभेचं होतं. देशी असो वा भारी, पासवर्ड मालकाकडे किंवा क्वालिटीवाल्याकडेच ठेवा.

दुसरा हिशोब चाचणीचा. तासातासाला गोळ्या टाकून बघताय आणि एखादी सापडली नाही, तर शेवटच्या बरोबर चाचणीपासूनचा सगळा माल रोखून परत तपासायचा: ३,३०० पाकिटं. दोन तासांनी बघत असाल तर ६,६००. ट्रक निघून गेल्यावर हे कळलं तर फोन करत बसा.

ऑडिट_वही
फॉल्स रिजेक्टची निम्मी कारणं यंत्राच्या बाहेर असतात, आणि इथे भारी यंत्रवाले आधी येऊन नीट बसवून देतात हा माझा मुद्दा कायम.

समतोल_कॉइल
मान्य, बसवणं हाच निम्मा खेळ आहे. देशी यंत्र घेतलंत तर स्वतः हे बघा. डिटेक्टरला थेट मुख्य बोर्डावरून वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग, ज्या फेजवर कॉम्प्रेसर किंवा भट्टीचा ब्लोअर आहे ती नको. व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल शील्डेड, आणि डोक्याच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये नको. रोलर आणि आडव्या पट्ट्या एका बाजूने इन्सुलेट केलेल्या हव्यात. दोन्ही टोकं फ्रेमला लागली की धातूचं बंद वेटोळं तयार होतं, त्यातला एखादा जोड कंपनाने चिकटतो-सुटतो, आणि यंत्र भूत दिसल्यासारखं अधूनमधून वाजत राहतं. बोल्ट घट्ट केला की चार दिवस गप्प, मग परत सुरू. असं झालं तर यंत्राला शिव्या देण्याआधी रोलर तपासा.

बेल्ट कार्बन घातलेला अँटिस्टॅटिक नको, तो स्वतःच सिग्नल देतो. जोड चिकटवलेला आणि तिरका हवा, धातूच्या क्लिपा तर नाहीतच. दर फेरीला एकाच ठिकाणी वाजत असेल तर बेल्टमध्ये कण रुतलाय, तेवढा भाग पालथा करून बघा. डोक्याच्या जवळपास वेल्डिंग करायचं झालं तर आधी यंत्राची केबल काढा.

पालदा_पॅकिंग
फारच उपयोगी. एक गोष्ट सांगायची राहिली: पुढच्या हिवाळ्यात फ्रोझन गराडूची (आमच्याकडचा कंद) लाइन टाकायचा विचार आहे, अर्धे तळून उणे १८ ला. तेच यंत्र तिथे चालेल का?

समतोल_कॉइल
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. गराडूने चित्र बदलतं.

पूर्ण गोठलेला माल शांत असतो, बर्फ वीज फारशी वाहत नाही. पण मालाचा पृष्ठभाग वितळायला लागला, थोडा ओलावा आला की सिग्नल भराभर वाढतो, आणि मीठ लावलेलं असेल तर आणखी. लाइन दहा मिनिटं अडली की बेल्टवरची पाकिटं आधीच्या पाकिटांपेक्षा वेगळी दिसायला लागतात आणि सरसकट रिजेक्ट होतात. इथे मल्टि-फ्रिक्वेन्सीचे पैसे वसूल होतात. शिवाय ती खोली पाण्याने धुतली जाणार, म्हणजे पाण्याचा झोत सोसणारं डोकं हवं. कोरड्या नमकीनच्या खोलीत मी आयपी६९के (जोरदार पाण्याच्या झोताला टिकण्याचा दर्जा) साठी एक रुपया जास्त देणार नाही. गराडूच्या खोलीत देईन.

हिशोब
म्हणजे आत्ता पहिल्या लाइनला मधल्या किमतीचा गळ्याचा आणि लडीला मधल्या किमतीचा सुट्ट्या मालाचा, दोन्हींना रिजेक्टची पूर्ण सिस्टिम. गराडू नक्की झाला की भारी यंत्र त्याच्यासाठी वेगळं. एकच भारी यंत्र घेऊन तीन जागी फिरवायचं मनातही आणू नका. दर वेळी हलवलं की पुन्हा तोल साधा, पुन्हा चाचणी करा.

ऑडिट_वही
हे मलाही पटतं. फक्त गिऱ्हाइकाचा नियम आधी वाचा. काही साखळ्या सीलबंद पाकिटाचीच तपासणी मागतात. तसं असेल तर गळ्याचा पुरणार नाही, एकपदरी पाकिटांचा बेल्टवाला घ्यावा लागेल, आणि फिल्मचा सिग्नल गृहीत धरून. तिथे भारी आणि मधलं यांची समोरासमोर चाचणी करूनच ठरवा.

चाळणी
चाचणीला विक्रेत्याकडे स्वतःची पाकिटं न्या, दोन वेगळ्या रोलची आणि सगळ्या चवींची. फराळीत बेदाणे असतात, ते शेवेपेक्षा ओले, म्हणून ती नक्की न्या. आधी चांगली शंभर पाकिटं नुसती पार करा, एकही वाजता कामा नये. मग लोखंड, अलोह (पितळ-ॲल्युमिनियमसारखे), स्टेनलेस ३१६ अशी तिन्ही चाचणी-कार्डं (गोळी बसवलेली), पाकिटाच्या पुढच्या टोकाला, मधे आणि मागच्या टोकाला, प्रत्येकी दहा वेळा. पुढच्या-मागच्या टोकाला ठेवल्यावर रिजेक्टची वेळ चुकते का ते कळतं. नंतर लागोपाठ दोन खराब पाकिटं सोडून बघा. स्वस्त टायमर दुसरं विसरतो. हेच आकडे ऑर्डरमध्ये लिहा, आणि डोक्याची वॉरंटी व बदली किंमतही. डोकं रेझिनने भरून बंद केलेलं असतं, आत बिघडलं तर सहसा अख्खं बदलावं लागतं.

पालदा_पॅकिंग
साखळीचा नियम मागवलाय. शेवटचा प्रश्न: गळ्याच्या डिटेक्टरमध्ये रोजची चाचणी कशी करायची? कार्ड पडत्या मालात टाकलं तर पाकिटात जाईल ना.

चाळणी
जाईल, आणि फ्लॅप चुकला तर तुम्हीच मालात धातू टाकलेला असेल. म्हणून गोळी मोठ्या, भडक रंगाच्या प्लास्टिकच्या चेंडूत बसवलेली मिळते ती घ्या, आकार असा की हॉपरमध्ये डोळ्याने दिसेल. प्रत्येकावर नंबर. टाकण्याची जागा काट्याच्या फनेलजवळ, मालासोबतच. बाहेरून काठीला लावून हळू सरकवली तर पडण्याचा वेग येत नाही आणि फ्लॅपची परीक्षाच होत नाही. तीन टाकल्या तर तीन परत आल्याशिवाय लाइन सुरू करायची नाही. एखादी सापडली नाही तर मधली सगळी पाकिटं फोडायची. वहीत वेळ, नंबर, टाकले किती, परत किती, सही.

भट्टीवाला
आणि चेंडू निळे घ्या भिया. पिवळे घेतले तर शेवेत कुणाला दिसणार?

चाळणी
बरोबर. निळेच.